कोरियाच्या इतिहासाकडे पाहणारे दोन चित्रपट: ‘ओड टू माय फादर’ आणि ‘पेपरमिंट कँडी’

युन जे-क्यून यांच्या ‘ओड टू माय फादर’मध्ये (२०१४) कोरियन युद्धातील, डिसेंबर १९५० मधील, उत्तर कोरियाच्या हुंगनाम बंदरावरील पळापळीत वडील आणि धाकटी बहीण यांच्यापासून दुरावलेला दोक-सू घर चालवण्यासाठी पश्चिम जर्मनीच्या कोळसा खाणीत आणि पुढे व्हिएतनाममध्ये राबतो. युद्धात ताटातूट झालेल्यांचा १९८३ मध्ये दूरचित्रवाणीवरून शोध घेतला गेला, तो प्रसंग हुंदका आवरू देत नाही. मात्र दक्षिण कोरियातील लष्करी राजवटीच्या दडपशाहीला या कथेत जवळजवळ जागाच नाही, आणि ही उणीव लहान नव्हे.

ली चांग-दोंग यांचा ‘पेपरमिंट कँडी’ नेमके त्याच जखमेवर बोट ठेवतो. १९९९ मधील आत्महत्येपासून १९७९ पर्यंत उलटा जाणारा हा चित्रपट, मे १९८० मध्ये लोकशाहीवादी आंदोलन चिरडण्यासाठी ग्वांगजू शहरात पाठवलेल्या एका कोवळ्या सैनिकाचा कैद्यांचा छळ करणारा पोलीस कसा झाला, हे आधी परिणाम आणि मग कारण दाखवत उलगडतो. इथे कुटुंब आधार ठरत नाही. बाहेरची हिंसा नायकासोबत घरातही शिरते. घरच्यांसोबत बसून पाहायला पहिला चित्रपट सोयीचा आहे (रुमाल जवळ ठेवावा), पण एकच निवडायचा झाल्यास माझे मत दुसऱ्याला.