मल्टिपर्पज सुतारकाम मशीन आणि घरी बनवलेले जिग : आठ महिन्यांनंतर

दोन पाइपांवर सरकणारं हेड, एकच मोटर आणि तिच्यावरच टेबल सॉ, ड्रिल, लेथ, डिस्क सँडर आणि आडवं ड्रिल. रचना जुनीच आहे. हान्स गोल्डश्मिट यांचं शॉपस्मिथ 1947 साली बाजारात आलं, त्याच जातीचं माझं मशीन. आठ महिने जवळपास रोज वापरून झाल्यावर हे लिहितेय.

मोटरच्या ताकदीबद्दल तक्रार नाही. त्रास एकच आहे, पण रोजचा. एक काम सोडून दुसऱ्यावर गेलं की आधीचं सेटिंग मोडतं. सॉचं टेबल नीट लावावं, मध्येच चार भोकं पाडायला हेड उभं करावं, आणि परत आल्यावर गुण्या घेऊन पहिल्यापासून बसावं. पहिले दोन महिने यातच गेले. मग पटलं की अचूकपणा मशीनमध्ये सांभाळत बसण्यापेक्षा तो जिगमध्ये, म्हणजे लाकूड ठरलेल्या जागी धरणाऱ्या साच्यात, बांधून टाकावा.

सुरुवात स्लेडपासून केली, म्हणजे लाकूड ठेवून पात्याकडे ढकलायच्या सरकत्या पाटापासून. 12 मिमी प्लायचा तळ, खाली टेबलाच्या खाचांत सरकणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या आणि मागे उभी फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची सरळ पट्टी. पहिल्या पट्ट्या दमट हवेत फुगून खाचेत घट्ट बसल्या. लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने फुगतं. म्हणून दुसऱ्या वेळी पट्टीची रुंदी या कमी फुगणाऱ्या दिशेत येईल अशी कापली. त्यानंतर ती अडकलेली नाही.

फेन्सचा काटकोन मात्र गुण्यावर सोडू नका, पाच कापांची पद्धत वापरा. एक चौकोनी तुकडा घ्यायचा. एक कड कापायची, ती कापलेली कड फेन्सला टेकवून पुढची कापायची, असं फिरवत चारही कडा कापायच्या आणि पाचव्या वेळी पहिल्या कडेवरून एक पट्टी काढायची. या पट्टीत चूक चौपट होऊन दिसते. माझी पट्टी 400 मिमी लांब होती आणि तिच्या दोन टोकांच्या रुंदीत कॅलिपरवर 1.6 मिमी फरक आला. चाराने भागलं की दर 400 मिमीला 0.4 मिमी चूक. फेन्सच्या एका टोकाचा स्क्रू कायम ठेवून 500 मिमीवरचं दुसरं टोक फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पत्र्यांनी) बरोबर 0.5 मिमी सरकवलं. पुन्हा पाच काप घेतले, आता फरक 0.12 मिमी, म्हणजे एका कापामागे 0.03. त्या दिवशी खूप आनंद झाला. आता टेबल कितीही वेळा काढलं तरी पातं खाचेला समांतर आणि टेबलाशी काटकोनात आहे ना, एवढंच पाहायचं. फेन्सला हात लावावा लागत नाही.

सर्वात जास्त वापर होतो तो आडव्या ड्रिलसाठी केलेल्या प्लायच्या चौथऱ्याचा. फळी आडवी ठेवायची, शेजारच्या खुंटीला टेकवायची आणि डॉवेलचं (जोडात बसणाऱ्या गोल लाकडी काडीचं) भोक पाडायचं. दोन्ही फळ्यांची दर्शनी बाजू खाली ठेवली तर 18 मिमी जाडीत 8 मिमीचं भोक अगदी मध्यावर नसलं तरी चालतं. दोन्हीकडे ते सारखंच बाजूला जातं आणि जोड सपाट येतो. टेबल उंचीला लावण्यात जाणारा वेळ निम्म्याहून कमी झाला.

सँडरच्या डिस्कच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. मूळ डिस्कपेक्षा मोठी प्लायची डिस्क जिगसॉने कापून थेट फेसप्लेटवर (मोटरने फिरणाऱ्या धातूच्या चकतीवर) लावली. सॉसाठी वाढवलेला वेग तसाच राहिला होता. कड जरा वाकडी होती, तेवढ्यानेच अख्खं मशीन थरथरायला लागलं. लगेच बंद केलं म्हणून निभावलं. नंतर सर्वात कमी वेगावर, लेथच्या हत्याराने तिची कड तिथल्या तिथे गोल करून घेतली. या मशीनचा वेग ते फिरत असतानाच बदलता येतो, म्हणून बंद करण्याआधी तो खाली आणणं हीच आता सवय केली आहे. स्विचवर ‘वेग?’ लिहिलेली एक लाकडी पाटीही टांगली आहे. ती बाजूला केल्याशिवाय बटण दाबता येत नाही.

राउटर बिट (लाकडात खाचा आणि कडेला आकार कापणारं फिरतं पातं) बसवायचा अडॅप्टर बनवायचा का, असं दोघांनी विचारलं. मी बनवणार नाही. हाती राउटर मिनिटाला 10,000 च्या पुढे फेरे घेतो, आणि हे मशीन त्याच्या निम्म्यापर्यंत पोचतं. बारीक बिटला एवढा वेग पुरत नाही, काप खरबरीत येतो. शिवाय बाजूने दाब आला की ड्रिल चकमधून बिट निसटू शकतं. त्यासाठी वेगळा राउटरच घ्यावा.

लांब फळ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. टेबल छोटं असल्याने दोन मीटरची फळी कापून होता होता मागे झुकते. रोलर लावलेला आधाराचा घोडा करून पाहिला, पण रोलर जराही तिरका असला की फळी फेन्सपासून दूर ओढतो. आता त्याऐवजी मेण घासलेली गुळगुळीत लाकडी पट्टी लावून पाहतेय.