कविता की मंजू?

तमिळ सिनेमातली 'स्वतंत्र बाई' बघायची तर दोन कृष्णधवल चित्रपट लागोपाठ बघावेत. के. बालचंदर यांचा 'अवळ ओरु तोडर कदै' (1974) आणि सी. रुद्रय्या यांचा 'अवळ अप्पडित्तान' (1978).

पहिल्यातली कविता (सुजाता) घर ओढते. बाप घर सोडून संन्यासी झालेला, भाऊ दारुडा, बहीण विधवा. तिची जीभ तिखट आहे, पण शेवटी स्वतःचं लग्न दुसऱ्या बहिणीला देऊन ती पुन्हा नोकरीच्या जुवाखाली. बालचंदर तिला बोलू देतात, सुटू देत नाहीत. त्याग केला की प्रेक्षकही तिला माफ करतो!

दुसऱ्यातल्या मंजूला (श्रीप्रिया) असली माफी नकोच. ती जाहिरात कंपनीत काम करते, चिडते, चुकते, स्वतःच्याच बोलण्याला छेद देते. स्त्रियांवर माहितीपट काढणारा सुशिक्षित अरुण (कमल हासन) तिला समजून घ्यायला निघतो आणि लग्न मात्र दुसऱ्याच मुलीशी करतो. स्त्रीमुक्तीबद्दल मंजू त्या नवरीला विचारते. तिला काहीच ठाऊक नसतं. म्हणूनच तू सुखी आहेस, असं मंजू म्हणते.

गंमत म्हणजे कविताची विधवा बहीणही श्रीप्रियाच. रडू येतं कवितासाठी. डोक्यातून जात नाही ती मंजू. माझं मत तिलाच.