ऑम्नीचा एक मिनिटाचा डेटा: स्पंदनांच्या कामाला कितपत पुरतो?

सौरवाऱ्यातल्या (सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहातल्या) बदलांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणारी स्पंदनं अभ्यासायची, तर बहुतेक जण नासाच्या ऑम्नीवेबपासून (सौरवाऱ्याच्या नोंदींचं संकेतस्थळ; तिथला नोंदींचा संच म्हणजे ऑम्नी) सुरुवात करतात. योग्यच आहे. एसीई आणि विंड ही सौरवारा मोजणारी यानं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे 15 लाख किमीवर आहेत. 400 किमी/सेकंद वेगाच्या वाऱ्याला तिथून यायला तासभर लागतो. ऑम्नी हा विलंब हिशेबात धरून नोंदी बो शॉकच्या (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अडथळ्यापुढे सौरवारा जिथे एकदम मंदावतो त्या सीमेच्या) टोकापर्यंत आणून देते, तेही फुकट.

पीसी-5 या संथ स्पंदनांसाठी (एका लयीला 150 ते 600 सेकंद) सेवा खरोखर उत्तम. सौरवाऱ्याची घनता लयीत वरखाली झाली की दाब बदलतो, चुंबकावरणाची (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या प्रदेशाची) सीमा आतबाहेर सरकते, तिथला विद्युतप्रवाह वाढतो-घटतो आणि जमिनीवरच्या मॅग्नेटोमीटरमध्ये तीच लय उमटते. दाबाचा रकाना आयता मिळतो: 2×10⁻⁶ × घनता × वेगाचा वर्ग. दर घनसेंमीला 5 प्रोटॉन आणि वेग 400 असेल, तर 1.6 नॅनोपास्कल.

पण ‘एक मिनिट’ या शब्दांवर विसंबू नका. विंडची प्लाझ्मा नोंद (घनता, वेग वगैरे) मुळात सुमारे 92 सेकंदांनी येते, एसीईची 64 सेकंदांनी. एका लयीला निदान दोन नोंदी लागतात, त्यामुळे विंडच्या घनतेच्या वर्णपटात (कोणती वारंवारता किती जोरकस, याच्या आलेखात) 5.4 मिलिहर्ट्झच्या वर दिसणारी शिखरं धरू नयेत. नोंद कोणत्या यानाची, हे वेगळ्या रकान्यात असतं. ते आधी पाहा. पीसी-3 ही जलद स्पंदनं तर यात दिसणारच नाहीत. तिथे उपयोग एवढाच, की सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र 5 नॅनोटेस्ला असेल तर त्यांची वारंवारता साधारण सहापट, म्हणजे 30 मिलिहर्ट्झच्या आसपास शोधायची.

सगळ्यात घातक गोष्ट वेळेच्या दुरुस्तीत (ऑम्नी धरते त्या विलंबात) आहे, कारण ती दर नोंदीला बदलते. यानावरच्या 20 मिनिटांच्या नोंदीत ती 58 वरून 54 मिनिटांवर आली, तर तेवढा सिग्नल 16 मिनिटांत दाबला जातो. पाच मिनिटांची लय चार मिनिटांची होते, 3.3 मिलिहर्ट्झचे 4.2 होतात! मग जमिनीवरची वारंवारता जुळत नाही आणि दोष चुंबकावरणावर जातो. वारंवारता मोजायला यानाचा मूळ डेटा घ्या आणि सगळ्या तुकड्याला एकच विलंब लावा. ऑम्नी वेळेच्या अंदाजापुरती ठेवा.

रिकाम्या जागी घनतेत 999.99 आणि दाबात 99.99 भरलेलं असतं. कल (हळूहळू होणारा बदल) वजा करण्याआधीच ते गाळा; नाहीतर एकाच आकड्याने सगळा वर्णपट बिघडतो. बो शॉकपासून जमिनीपर्यंत आणखी काही मिनिटं जातात, ती सहसंबंध लावून शोधावी लागतात.