राइप ॲटलस प्रोब: घरच्या इंटरनेटची अखंड नोंद ठेवणारे स्वयंसेवकांचे जाळे

घरचे इंटरनेट अडखळते अशी तक्रार नोंदवली की सेवा पुरवठादाराकडून पहिला प्रश्न येतो तो स्पीड टेस्टचा, आणि बहुतेक वेळा त्या क्षणी स्पीड टेस्ट अगदी व्यवस्थित येते. संध्याकाळी सात ते अकरा या वेळात दर काही मिनिटांनी बैठक तुटत असली तरी सकाळी दहा वाजता आलेल्या लाइनमनला ते दिसणार नसते. तो मोडेमवरचे दिवे पाहतो, लाल दिवा नाही म्हणजे लाइन ठीक आहे असे सांगतो, राउटर एकदा बंद करून चालू करतो आणि तक्रार मिटल्याचा संदेश येतो. ग्राहकाकडे आठवणीखेरीज काही नसते आणि आठवणीला पुरावा म्हणून किंमत नसते. ही उणीव भरून काढणारी जी साधने मी वापरली, त्यांत राइप ॲटलसचा प्रोब, म्हणजे राउटरला जोडून ठेवायचे मोजमापाचे छोटे उपकरण, मला सर्वांत उपयुक्त वाटला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

राइप एनसीसी ही ॲमस्टरडॅम येथील ना-नफा संस्था युरोप, मध्यपूर्व आणि मध्य आशियाचा काही भाग यांसाठी इंटरनेट पत्त्यांचे वाटप करते. तिने २०१० साली राइप ॲटलस हा उपक्रम सुरू केला. कल्पना साधी आहे: जगभरच्या स्वयंसेवकांनी आपल्या घरी किंवा कार्यालयात एक छोटे उपकरण राउटरला जोडून ठेवायचे, त्या उपकरणाने रात्रंदिवस ठरावीक मोजमापे घ्यायची आणि ती सर्वांसाठी खुली ठेवायची. आज असे बारा हजारांहून अधिक प्रोब जोडलेले आहेत. भारत पत्त्यांच्या वाटपासाठी एपनिक या दुसऱ्या संस्थेच्या क्षेत्रात येत असला, तरी प्रोब ठेवण्याला त्याची आडकाठी नाही.

उपकरण हाती घेतल्यावर त्यात पाहण्यासारखे फारसे काही नसते. त्याची तिसरी आवृत्ती म्हणजे टीपी-लिंकचा बाजारात मिळणारा एक छोटा राउटरच होता, फक्त त्यात संस्थेने आपली प्रणाली घातलेली असे. पुढच्या आवृत्त्यांत वेगळे हार्डवेअर आले. यूएसबीमधून वीज आणि राउटरमधून नेटवर्कची केबल एवढे दिले की काम सुरू होते. पोर्ट उघडणे, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत येण्याची वाट मोकळी करणे, वगैरे काही करावे लागत नाही, कारण संपर्क प्रोबच बाहेरच्या दिशेने साधतो. छोट्या शहरांतले पुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, अशा जोडणीवरही तो त्यामुळेच विनातक्रार चालतो.

आता त्याच्या खऱ्या उपयोगाविषयी. प्रोब दर चार मिनिटांनी तीन-तीन पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवून ती परत यायला किती वेळ लागतो आणि किती हरवतात याची नोंद करतो. ही पॅकेट इंटरनेटच्या रूट सर्व्हरकडे (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधण्याच्या यंत्रणेच्या मुळाशी असलेले सर्व्हर, ज्यांच्या प्रती अनेक शहरांत असतात) जातात, जगभरच्या ॲंकर नावाच्या मोठ्या मापन केंद्रांपैकी काहींकडे जातात, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे आपल्याच वाटेवरच्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यालाही जातात. पहिला टप्पा म्हणजे घरातला राउटर. दुसरा टप्पा बहुतेक घरांत पुरवठादाराच्या बाजूचे पहिले यंत्र असते. पहिल्या टप्प्याचा आलेख सपाट असेल आणि त्याच वेळी दुसऱ्या टप्प्याच्या आलेखात पॅकेट हरवत असतील, तर दोष राउटरपर्यंतच्या वायरिंगमध्ये किंवा वायफायमध्ये नाही एवढे निश्चित सांगता येते. प्रोब मुळात वायफाय वापरतच नाही, त्यामुळे ‘तुमच्या भिंती जाड आहेत’ हे उत्तर आपोआप बाद होते.

कोल्हापुरातल्या माझ्या घरी हाच प्रकार होता. पहिल्या टप्प्याला जाऊन यायला एक मिलिसेकंदही लागत नव्हता, आणि संध्याकाळ झाली की दुसऱ्या टप्प्याचा वेळ चार-पाच मिलिसेकंदांवरून शंभराच्या पुढे जाऊन रात्री अकरानंतर पुन्हा खाली येत असे. आठवड्याचा आलेख समोर ठेवला की रोज त्याच वेळी उभा राहणारा तो उंचवटा कोणालाही दिसावा असा होता. मी तो आलेख पुरवठादाराच्या स्थानिक कार्यालयात नेला. तिथल्या तरुण अभियंत्याने तो बराच वेळ पाहिला आणि ‘सर, त्या भागात लोड जास्त आहे, वरची लिंक भरतेय,’ असे सरळ सांगितले. तोवर ‘आमच्याकडून ओके दाखवतंय’ यापलीकडे कोणी गेले नव्हते. लिंक वाढवायला त्यांनी आणखी बराच वेळ घेतला, पण मोडेम बदलून पाहा, केबल बदलून पाहा हे चक्र त्या दिवशी थांबले.

दुसरा उपयोग मार्गाचा. प्रोब ठरावीक अंतराने ट्रेसरूटही घेतो, म्हणजे पॅकेट कोणकोणत्या यंत्रांतून गेले त्याची यादी साठवतो. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून कोल्हापूर ते मुंबई जाऊन यायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ पुरतो. एका रूट सर्व्हरचे उत्तर अशाच वेळात येत असताना ते एका रात्रीत ऐंशीच्या घरात गेले आणि तिथेच राहिले. ट्रेसरूटमधल्या यंत्रांच्या नावांत मुंबईच्या ‘बीओएम’नंतर ‘एसआयएन’ दिसू लागले, म्हणजे मुंबईत मिळणारे उत्तर आता सिंगापूरहून आणले जात होते. स्पीड टेस्टमध्ये यातले काहीच उमटले नसते, कारण तिचा सर्व्हर बहुधा पुरवठादाराच्या अगदी शेजारी असतो. वेग आणि विलंब या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि व्हिडिओ बैठक, ऑनलाइन खेळ किंवा दूरच्या सर्व्हरवर टंकलेखन करताना माणसाला जाणवतो तो विलंब.

या साऱ्या नोंदी खुल्या आहेत हे मला उपकरणाच्या बरोबरीने महत्त्वाचे वाटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाल्टिक समुद्राखालच्या दोन केबल एकापाठोपाठ तुटल्या, तेव्हा ॲटलसच्या मोजमापांवरून काही मार्गांवर विलंब वाढला पण पॅकेट हरवण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही, हे कोणत्याही कंपनीच्या निवेदनावर अवलंबून न राहता सांगता आले. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या केबलींपैकी अनेक तांबड्या समुद्रातून युरोपकडे जातात आणि तिथल्या तुटींचा फटका आपल्याला बसतो. अशा वेळी आपल्या भागातून नेमके काय दिसत होते हे कळायचे, तर इथे प्रोब हवेत.

प्रोब चालू ठेवल्याबद्दल मिनिटाला १५, म्हणजे दिवसाला २१,६०० श्रेयांक मिळतात. ते खर्च करून इतरांच्या प्रोबवरून स्वतःची मोजमापे मागवता येतात; साध्या पिंगच्या, म्हणजे पॅकेट जाऊन येण्याचा वेळ मोजण्याच्या, एका फेरीला तीन, तर ट्रेसरूटला तीस श्रेयांक लागतात. माझ्या एका स्नेह्याने आपल्या सहकारी पतसंस्थेचे संकेतस्थळ बाहेरगावाहून संथ उघडते या तक्रारीचा छडा अशाच रीतीने, वेगवेगळ्या पुरवठादारांच्या प्रोबवरून मापन करून लावला. पैशांचा संबंध कुठेच येत नाही.

उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. प्रोब डाउनलोडचा वेग मोजत नाही. शंभर एमबीपीएसचे पैसे देऊन चाळीसच मिळतात का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नाही. त्यासाठी २००९ पासून चालू असलेल्या एम-लॅब या खुल्या मापन प्रकल्पाची चाचणी किंवा ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाचे मायस्पीड ॲप वापरावे. ब्रिटन आणि अमेरिकेत नियामकांनी सॅमनोज या कंपनीची पेटी स्वयंसेवकांच्या घरी बसवून वेगाची मोजणी केली आणि अहवाल प्रसिद्ध केले. अशी घरोघरची मोजणी आपल्या नियामकानेही हाती घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

संकेतस्थळ नेटवर्क अभियंत्यांसाठी बांधलेले आहे आणि सामान्य ग्राहकाला ते पहिल्यांदा बिचकवते. वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे तक्रारीला आलेख जोडण्यापूर्वी त्यांत साडेपाच तास मिळवावे लागतात. दरमहा येणाऱ्या अहवालात जोडणी कधी तुटली आणि किती वेळ तुटून राहिली हे असते, परंतु वीज गेल्यामुळे तुटली की लाइन गेल्यामुळे, हे तो सांगत नाही. राउटर आणि प्रोब एकाच छोट्या यूपीएसवर ठेवले तर हा घोळ टळतो. तिसऱ्या आवृत्तीत मागे खोचलेला पेनड्राइव्ह खराब होऊन प्रोब गप्प पडण्याचा दोष सर्वज्ञात आहे. पेनड्राइव्ह काढून प्रोब चालू करणे आणि थोड्या वेळाने तो पुन्हा लावणे हा त्यावरचा उपाय बहुधा लागू पडतो.

आणखी एक गोष्ट घरात सर्वांना सांगून मगच प्रोब लावावा. तो घरातली इतर वाहतूक पाहत नाही आणि नकाशावर घराची जागा थोडी सरकवून दाखवली जाते, पण इतर सदस्य आपल्या प्रोबवरून मोजमापे मागवू शकतात. कोणतेही संकेतस्थळ उघडायला लावता येत नाही, कारण तशा चाचण्या ॲंकरपुरत्याच मर्यादित ठेवल्या आहेत. मात्र एखाद्या नावाचा पत्ता विचारणारी चौकशी आपल्या जोडणीवरून जाऊ शकते. मला हा धोका किरकोळ वाटतो. ज्यांना तो तसा वाटत नाही, त्यांनी प्रोब घेऊ नये हेच बरे.

सर्वांत मोठी उणीव संस्थेची नाही, आपली आहे. प्रोबची दाटी जर्मनी, फ्रान्स, अमेरिका अशा देशांत आहे. आपल्याकडे ते मोजके आणि मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. गडहिंग्लज, वाशीम किंवा सावंतवाडीत केबलवाल्याकडून घेतलेल्या जोडणीची स्थिती काय, हे सांगणारी खुली नोंद हवी असेल तर ती तिथल्या ग्राहकांनीच तयार करायला हवी. उपकरण विनामूल्य आहे, परंतु मागेल त्याला मिळतेच असे नाही. ज्या नेटवर्कमध्ये आधीच पुरेसे प्रोब आहेत तिथल्या अर्जाला प्राधान्य कमी असते. २०२० पासून सॉफ्टवेअर प्रोबही उपलब्ध आहे, तो लिनक्सच्या जुन्या संगणकावर किंवा ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली चालणाऱ्या राउटरवर बसवता येतो आणि त्यासाठी टपालाची वाट पाहावी लागत नाही. अर्ज करण्यापूर्वी आपल्या पुरवठादाराचा एएस क्रमांक, म्हणजे त्याच्या नेटवर्कचा इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, शोधून ॲटलसच्या यादीत त्याचे किती प्रोब आहेत ते पाहावे. आकडा शून्य असेल तर त्या नेटवर्कमधला तुमचा प्रोब पहिला ठरेल आणि तुमच्या अर्जाला तेवढेच वजन येईल.