पेशी विभाजनाच्या तयार स्लाइडचा सेट : अर्धाच पैसा वसूल (५ पैकी अडीच स्टार)

क्लासच्या अकरावीच्या पोरांना दाखवायला १० स्लाइडचा सेट ऑनलाइन मागवला, ५ मायटोसिसच्या (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी) आणि ५ मिओसिसच्या (गुणसूत्रं निम्मी होऊन चार पेशी). पॅकिंगला नाव ठेवायला जागा नाही, लाकडी डबा, एकही काच फुटलेली नव्हती.

मायटोसिसच्या स्लाइड एक नंबर! कांद्याच्या मुळाचं टोक उभं कापलंय, रंग निळसर काळा. आधी १० ची लेन्स लावून टोकाजवळचा दाट पेशींचा भाग शोधायचा, मग ४० ची लावायची, आयपीस १० चा असेल तर ४०० पट मोठं दिसतं आणि मेटाफेज, ॲनाफेज या विभाजनाच्या पायऱ्या एकदम क्लिअर. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच (दोन विभाजनांच्या मधला काळ) सापडतील, ते तसंच असतं, त्याच्यासाठी कोणी स्टार कापू नका. एका पेशीत तर गुणसूत्रं दोन टोकांना गेलेली आणि मधे नुकतीच धरू लागलेली सेल प्लेट, म्हणजे दोन नव्या पेशींमधली भिंत, पोरं एकमेकांना ढकलून बघत होती. सेंट्रिओल (विभाजनावेळी पेशीच्या दोन टोकांना दिसणारे बारीक कण) कुठंय असं हमखास विचारतात, तर कांद्यात ते नसतंच, ती पुस्तकातली आकृती प्राण्याच्या पेशीची.

आता मिओसिस. लेबलवर मोठ्या अक्षरात मेटाफेज १, डायाकायनेसिस वगैरे मिओसिसच्या पायऱ्या, आणि खाली बारीक अक्षरात 'कांद्याचं मूळ'. अहो मुळात मिओसिस होतच नाही, ते कळीतल्या परागकोशात होतं! लेन्सखाली बघितलं तर त्याच चौकोनी पेशी, त्याच ओळी, म्हणजे मायटोसिसचाच माल दुसरं लेबल चिकटवून दिलाय. खरा मेटाफेज १ असता तर कांद्याची १६ गुणसूत्रं ८ जोड्या करून मधे आलेली दिसली असती, आणि शेवटी चार पेशी एकत्र, प्रत्येकीत ८. यातलं काही म्हणजे काही नाही. ज्याला फरक माहीत नाही तो पोरगा हेच बघून चुकीचं शिकणार ना.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे 'प्रिंटिंग मिस्टेक', बदली स्लाइडचा अजून पत्ता नाही.

मायटोसिसच्या सुट्या मिळत असतील तर बिनधास्त घ्या. मिओसिससाठी मात्र ओळखीच्या शेतकऱ्याकडून कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) आणा, अगदी लहान बंद कळ्या निवडा, परागकोश ॲसिटोकार्मिनमध्ये (गुणसूत्रं रंगवणारं लाल द्रावण) चेचून काचेखाली दाबा. मोठ्या कळ्या घेऊ नका, त्यात नुसते तयार परागकण मिळतात.