सेंट गॉल ९०४: ओळींच्या मधलं व्याकरण

नवव्या शतकात आयरिश भिक्षूंनी लिहिलेली प्रिस्कियन या प्राचीन व्याकरणकाराच्या लॅटिन व्याकरणाची ही पोथी (स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉल ग्रंथालयातली क्रमांक ९०४) 'ई-कोडिसेस' या स्विस हस्तलिखितांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. पानांची छायाचित्रं अप्रतिम आहेत. पण पान पूर्ण दिसेल इतक्या आकारात वाचू नका: ओळींमधल्या टिपा आणि शब्दांवरचे बारीक ठिपके तिथे दिसतच नाहीत. चांगलं मोठं करा. मग कळतं, की विशेषण एकीकडे आणि त्याचं नाम दूर कुठेतरी असेल, तर दोघांवर सारखीच खूण करून त्यांची जोडी लावलेली असते. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावणाऱ्याला ही युक्ती लगेच ओळखू येईल.

एकूण नऊ हजारांहून जास्त टिपा आहेत, त्यातल्या सुमारे ३,५०० जुन्या आयरिशमध्ये. पान ११२ च्या समासात वादळी रात्रीची ती सुंदर चौओळी आहे: आज वारा बोचरा, म्हणून समुद्रावरून लुटायला येणाऱ्या व्हायकिंगांची भीती नाही.

उणीव एकच, पण मोठी. पानासोबत लिप्यंतर नाही. या लिपीत r आणि s हमखास गोंधळ घालतात. त्यामुळे टिपांची स्वतंत्र ऑनलाइन आवृत्ती शेजारच्या खिडकीत उघडी ठेवाच.