जेमिनी की ट्रान्सपाँडर: खोल समुद्रात काय हवं?

किनारा सोडून दहा-बारा किलोमीटर गेलं की मोबाइलची रेंज जाते. पुढे नौकेला आधार उपग्रहाचाच.

२०१९ साली आलेलं 'जेमिनी' हे यंत्र 'गगन' या भारतीय दिशादर्शन प्रणालीच्या उपग्रहांमार्फत वादळाचे इशारे, लाटांचा अंदाज आणि मासळी कुठे मिळेल याची माहिती घेतं, ब्लूटूथने तांडेलच्या (नौकेच्या प्रमुखाच्या) मोबाइलवर दाखवतं. नौका कुठे आहे हेही कळतं, पण फक्त नौकेवरच्यांना. भर दर्यात इंजिन बंद पडलं तरी उलट निरोप धाडायची सोय त्यात नाही.

इस्रोच्या ट्रान्सपाँडरने, म्हणजे निरोप घेणाऱ्या आणि धाडणाऱ्याही यंत्राने, नेमकी हीच उणीव भरून काढली. त्यातला रिसीव्हर स्थान काढतो आणि तेच अक्षांश-रेखांश जीसॅट-६ या उपग्रहामार्फत किनाऱ्यावरच्या केंद्राला जातात. संकटाचं बटण दाबलं की हाक आणि ठिकाण एकत्रच पोचतं. शोधणाऱ्यांना सगळा दर्या पालथा घालावा लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात एक लाख नौकांवर हे ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना देशभर सुरू झाली. फोनसारखं बोलता येत नाही, छोटे निरोपच जातात.

नुसत्या हवामानासाठी जेमिनी पुरे. पण कित्येक दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरवर ट्रान्सपाँडरच हवा, यात मला तरी शंका नाही.